कोरोनाची साथ, गरोदर स्त्री आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या एखाद्या प्रश्नावर आपल्यापुढे चार शब्द बोलावेत अशी संस्थेची सूचना आली, तेव्हा मी हा विषय आपण होऊन निवडला. तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कोरोनाची साथ ओसरली, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचेही जाहीर केले. मग गेलेल्या संकटाचे पुराण आता कशासाठी, ही शंका रास्त आहे.

तिला माझी तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, आणीबाणी संपली तरी विषाणू गेलेला नाही. तो आपले रूप पालटीत आपल्यामध्ये वावरतो आहे. दुसरे असे की, गरोदर स्त्रीला या रोगाने काय होते याचे ज्ञान जगाला फार मोठी किंमत मोजून मिळाले आहे. ते विसरणे म्हणजे ती किंमत पाण्यात घालणे होय. आणि तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या दिवसांत ज्या आया आणि जी बाळे गेली, ती सगळीच विषाणूच्या जोरामुळे गेली नाहीत. काही उशिरामुळे गेली, आणि तो उशीर पुष्कळदा घराच्या उंबरठ्याच्या आतच झालेला होता. विषाणूवर आपला ताबा नाही. उंबरठ्याच्या आतल्या उशिरावर मात्र आहे.

गरोदरपण आणि साथीचा ताप

साथीचा ताप आणि गरोदरपण यांचे वैर जुने आहे. १९१८ साली इन्फ्ल्यूएंझाची भयंकर साथ आली. आपल्याकडे तिचा पहिला तडाखा मुंबईला बसला आणि पुढे हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. त्या साथीत सापडलेल्या १३५० गरोदर स्त्रियांची पाहणी अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे २७ टक्के, म्हणजे दर चौघींत एकीहून अधिक, दगावल्या होत्या. पुढे २००९ साली स्वाइन फ्लू आला आणि त्यातही गरोदर स्त्रियांनाच अधिक झळ लागली.

असे का व्हावे? याचे उत्तर स्त्रीच्या शरीरात त्या नऊ महिन्यांत होणाऱ्या बदलांत आहे. पोटातील मूल वाढू लागले की गर्भाशय वर सरकते आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो. श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती त्यामुळे कमी होते. इकडे शरीराची प्राणवायूची गरज मात्र सुमारे पाचव्या हिश्शाने वाढलेली असते. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला, अशी संसाराची जी अवस्था होते तीच फुफ्फुसांची होते. रोज निभावून जाते. पण एखादे आजारपण आले की गाठीला काही उरत नाही. त्याखेरीज, बाळंतपणाच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानेच या काळात रक्त लवकर गोठेल अशी योजना केलेली असते. कोरोनाच्या विषाणूचा स्वभावही रक्तात गाठी करण्याचा आहे. दोन्ही एकत्र आले म्हणजे धोका किती वाढतो, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्या कोणा भगिनीच्या मनात उगाच भीती शिरणार नाही. कोरोना झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रिया सुखरूप बऱ्या झाल्या आणि त्यांना धडधाकट मुले झाली. धोका वाढतो म्हणजे तो प्रत्येकीवर कोसळतोच असे नव्हे. पण कोणावर कोसळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सावध सर्वांनी राहावे लागते.

आकडे काय सांगतात

साथीच्या आरंभी, २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत, गरोदर स्त्रीला विशेष धोका नाही असेच अनेकांना वाटत होते. त्यालाही कारण होते. गरोदर स्त्रीला ताप आणि अंगदुखी ही लक्षणे इतरांहून कमी दिसतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्यावर आढळले. वरवर पाहता ती बरी दिसे. परंतु त्याच पाहण्यांतून दुसरी गोष्टही पुढे आली की, अतिदक्षता विभागात पोहोचण्याचे प्रमाण तिच्यात जास्त होते.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२० पर्यंत लक्षणे असलेल्या सुमारे चार लाख तरुण स्त्रियांची नोंद तपासण्यात आली. त्यांत २३ हजारांहून अधिक गरोदर होत्या. गरोदर नसलेल्या दर हजार स्त्रियांमागे चौघींना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. गरोदर असलेल्या दर हजारांमागे दहा-अकरा जणींना. कृत्रिम श्वसनयंत्र लावण्याचे प्रमाणही असेच अडीचपटींहून अधिक होते.

त्याच वर्षी १८ देशांतील ४३ रुग्णालयांनी मिळून एक पाहणी केली. कोरोना झालेल्या ७०६ गरोदर स्त्रिया आणि कोरोना न झालेल्या १४२४ गरोदर स्त्रिया यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटात ११ स्त्रिया मृत्यू पावल्या, तर दुप्पट मोठ्या असलेल्या दुसऱ्या गटात एकच. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि वेळीच न आवरल्यास झटके येतात, तो विकार पहिल्या गटात पावणेदोन पट आढळला. दिवस भरण्यापूर्वी बाळंत होण्याचे प्रमाण दीडपटीहून थोडे अधिक होते. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, ज्यांना कसलेच लक्षण नव्हते अशा स्त्रियांतही रक्तदाबाचा हा विकार वाढलेला दिसला. आजार अंगावर काढला आणि काही झाले नाही, असे समजून निश्चिंत होता येत नाही ते याचमुळे.

आता आपल्या घरचाच दाखला घेऊ. मुंबईचे नायर रुग्णालय साथीच्या काळात कोरोनाग्रस्तांसाठी राखून ठेवण्यात आले होते आणि तेथे कोरोना झालेल्या शेकडो स्त्रिया बाळंत झाल्या. तेथील डॉक्टरांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेबरोबर या स्त्रियांची काळजीपूर्वक नोंद ठेवली. पहिल्या लाटेत तेथे ११४३ गरोदर स्त्रिया व बाळंतिणी दाखल झाल्या आणि त्यांपैकी ०.७ टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ च्या मध्यापर्यंत, ३८७ दाखल झाल्या आणि ५.७ टक्के दगावल्या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण आठपट झाले. विषाणूचे ते नवे रूप, ज्याला डेल्टा असे नाव देण्यात आले, किती घातक होते याची ही साक्ष आहे.

आणि बंधु-भगिनींनो, त्या लाटेच्या ऐन भरात आपल्या गरोदर स्त्रियांच्या हाती लसीचे कवचही नव्हते. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. अंगावर पाजणाऱ्या मातांना १९ मे रोजी परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. लसीच्या पहिल्या चाचण्यांत गरोदर स्त्रियांना घेतलेले नव्हते, म्हणून सावधगिरी बाळगली गेली. परंतु तोवर एप्रिल आणि मे हे दोन महिने उलटून गेले होते. यातून जगभरच्या वैद्यकाने बोध घेतला पाहिजे तो हा की, नव्या औषधाच्या परीक्षेत गरोदर स्त्रीला अगदी शेवटी उभे केले, तर संरक्षणही तिला शेवटीच मिळते.

पोटातल्या बाळाचे काय?

आईला कोरोना झाला तर बाळालाही होतो का, हा प्रश्न प्रत्येक आई पहिल्यांदा विचारते. उत्तर दिलासा देणारे आहे. कोरोना झालेल्या मातांच्या १४ हजारांहून अधिक बाळांच्या तपासण्यांचा मेळ घातला, तेव्हा त्यांतील १.८ टक्के बाळांत हा विषाणू सापडला. आणि त्यांपैकी पोटात असतानाच संसर्ग झाल्याची खात्री पटावी अशी बाळे फारच थोडी होती. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव बाळे विषाणूपासून मुक्त राहिली.

मग पोटातली काही मुले का गेली? येथे आपल्याला वारेचे काम समजून घेतले पाहिजे. बाळंतपणानंतर बाहेर पडते ती वार केवळ टाकून द्यायची वस्तू आहे असे आपण समजतो. वास्तविक नऊ महिने तीच बाळाचे फुफ्फुस, तीच त्याचे स्वयंपाकघर आणि तीच त्याची वेशीवरची चौकी असते. आईच्या रक्तातील प्राणवायू व अन्नरस वारेतून गाळून नाळेवाटे बाळाला मिळतो. कोरोनाचा विषाणू बहुधा या चौकीवरच अडतो. पण कधी कधी चौकी झुंजता झुंजता स्वतःच पडते.

१२ देशांतील अशा ६८ दुर्दैवी प्रसंगांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत ६४ मुले पोटातच गेली होती आणि ४ जन्मल्यावर. वारा तपासल्या तेव्हा सरासरीने वारेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग निकामी झालेला आढळला. बाळाला विषाणूने मारले नव्हते. त्याचा श्वास आईच्या बाजूनेच तुटला होता. त्या ६८ मातांपैकी एकीनेही लस घेतलेली नव्हती.

असे प्रसंग किती घडतात, हेही पाहू. अमेरिकेतील मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातील साडेबारा लाखांच्या आसपास बाळंतपणांची नोंद तपासली गेली. कोरोना नसलेल्या मातांत मृत मूल जन्मण्याचे प्रमाण हजारी सहा-सात होते. बाळंतपणाच्या वेळी कोरोना असलेल्या मातांत ते हजारी बारा-तेरा होते. डेल्टाच्या काळात तर हा धोका चौपट झाला. पुन्हा सांगतो, हजारातील बारा म्हणजे नऊशे अठ्ठ्याऐंशी मुले जिवंत जन्मली. परंतु ज्या घरचा पाळणा रिकामा राहिला, त्या घराला या हिशेबाने समाधान मिळत नाही.

या सगळ्याचा मथितार्थ असा की, बाळाचे आरोग्य आईच्या आरोग्याहून वेगळे नाही. आपल्याकडे गरोदर बाई आजारी पडली की घरची माणसे म्हणतात, औषध नको, बाळाला अपाय होईल. हेतू चांगला असतो. पण त्यातला विचार उलटा आहे. आईच्या रक्तातला प्राणवायू उतरला की बाळाचा आपोआप उतरतो. आईला वाचवणे हीच बाळाला वाचवण्याची वाट आहे.

लस आणि अफवा

गरोदर स्त्रियांना लस खुली झाली तेव्हा लसीच्या आधी अफवा पोहोचल्या होत्या. लसीने गर्भ पडतो, लसीने मूल होत नाही, असे निरोप मोबाइलवरून घरोघर फिरले. सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनीही ते पुढे पाठवले, हे मला खेदाने सांगावे लागते.

खरी स्थिती काय आहे? नॉर्वेमध्ये पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झालेल्या साडेचार हजारांहून अधिक स्त्रियांची तुलना गर्भ टिकलेल्या सुमारे १४ हजार स्त्रियांशी करण्यात आली. लस आणि गर्भपात यांचा काही संबंध आढळला नाही. लसीमुळे वंध्यत्व येते यालाही आधार सापडलेला नाही. उलट स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळातील सर्व गरोदर स्त्रियांची नोंद पाहिली, तेव्हा कोरोनामुळे अतिदक्षता विभागात न्याव्या लागलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. कोरोना झाल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळंत झालेल्या मातांची जी बाळे पोटात वा जन्मानंतर लगेच दगावली, त्या सर्व बाळांच्या मातांनी लस घेतलेली नव्हती. पुढे ओमिक्रॉनचे रूप आले. ते बरेच सौम्य होते. तरी १८ देशांतील पाहणीत तीव्र आजारापासून पुऱ्या लसीने ४८ टक्के आणि वाढीव मात्रा घेतलेल्यांना ७६ टक्के संरक्षण दिले असे दिसून आले.

आज एखाद्या गरोदर स्त्रीने ही लस घ्यावी की नाही, हे तिची प्रकृती, तिचे इतर आजार आणि त्या वेळी फिरणारा विषाणू पाहून तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. मी येथे सरसकट सल्ला देत नाही. मात्र प्रश्न डॉक्टरांना विचारा, मोबाइलला विचारू नका, एवढा सल्ला सर्वांना सारखाच लागू आहे.

तीन उशीर

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी एक साधी मांडणी केली आहे. आई दगावते ती बहुधा तीन उशिरांपैकी एखाद्याने. घरात निर्णय घेण्यातला उशीर हा पहिला, वाटेतला दुसरा आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला तिसरा. कोरोनाच्या साथीने हे तिन्ही उशीर एकदम वाढवले.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०२० च्या टाळेबंदीत नऊ रुग्णालयांतील बाळंतपणे निम्म्याहून खाली आली. रुग्णालयात मृत मूल जन्मण्याचे प्रमाण हजारी १४ होते ते २१ झाले, आणि जन्मल्यावर बाळ दगावण्याचे प्रमाण हजारी १३ वरून ४० वर गेले. यांतील बहुतेक मातांना कोरोना झालेलाही नसेल. रस्ते बंद, वाहने बंद, दवाखान्यात माणसे अपुरी आणि मनात भीती, एवढ्यानेच हे घडले.

आपल्याकडेही २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी होती. तपासणीच्या तारखा चुकल्या. कोणाचा वाढलेला रक्तदाब कळला नाही, कोणाचे रक्त कमी झालेले कळले नाही. वाटेतल्या आणि दवाखान्यातल्या उशिराविषयी सरकारला व आम्हा डॉक्टरांना जाब विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो आपण अवश्य बजावावा. काही ठिकाणी बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या स्त्रीला तपासणीचा कागद नाही म्हणून दारातून परत पाठवले गेले. त्याचे समर्थन कोणत्याही वैद्यकात नाही.

पण पहिला उशीर आपला आहे. त्या दिवसांत सुनेला ताप आला तर तो झाकला जाई. तपासणी केली तर घरावर फलक लागेल, शेजारी बोलतील, मुलाला कामावर घेणार नाहीत, ही भीती होती. मोहल्ल्यात नाव निघेल या धाकाने दोन दिवस काढ्यावर गेले, दोन दिवस मेडिकलमधल्या गोळ्यांवर गेले, आणि पाचव्या दिवशी धाप लागल्यावर रिक्षा शोधली गेली. त्या चार दिवसांत त्या मुलीला कोणी विचारले नाही की, तुला काय होते आहे? आणि तिला सांगावेसे वाटले तरी सासूला आधी विचारायचे, सासूने सासऱ्यांना विचारायचे, आणि नवरा बाहेरगावी कामावर असेल तर त्याच्या फोनची वाट पाहायची. पैसे एकाकडे, फोन दुसऱ्याकडे आणि दुखणे तिसरीकडे, अशी आपल्या घरांची वाटणी आहे. ती रोजच्या दिवशी चालून जाते. प्राणवायू उतरू लागला की चालत नाही.

म्हणून पालकहो, माझी हात जोडून विनंती आहे. घरात गरोदर स्त्री असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. तिने दवाखान्यात जायचे म्हटले की जायचे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. थोडे पैसे, तिची कागदपत्रे आणि वाहनाचा क्रमांक तिच्या हाताशी असू द्या. एवढे केले तरी पहिला उशीर निम्म्याने कमी होईल.

काय करावे

आता काही व्यवहारातल्या सूचना करतो. त्या कोरोनाला लागू आहेत, तशाच इतर साथीच्या तापांनाही बऱ्याच अंशी लागू आहेत.

गरोदर स्त्रीला ताप, खोकला वा घसा धरणे सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आशा ताईंना कळवावे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नयेत. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र मिळाले तर दिवसातून तीन-चार वेळा मोजावे. गरोदर स्त्रीचा आकडा ९५ च्या खाली आला तर थांबू नये.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, झटके, अंगावरून रक्त वा पाणी जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र असो की दिवस, ताबडतोब निघावे. १०२ आणि १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. हे क्रमांक घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असावेत.

कोरोना झाला म्हणून पोट फाडूनच बाळंतपण करावे असे नाही. आईची वा बाळाची स्थिती तशी असेल तरच शस्त्रक्रिया करावी. बाळ जन्मले की त्याला आईपासून तोडण्याचेही कारण नाही. आईने तोंडावर मास्क बांधून, हात साबणाने धुऊन बाळाला अंगावरच पाजावे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच हा सल्ला दिला आहे. मघाशी सांगितलेल्या १८ देशांच्या पाहणीतही अंगावर पाजल्याने बाळाला संसर्ग वाढल्याचे आढळले नाही. पहिल्या दिवसांचे घट्ट पिवळसर दूध टाकून देऊ नये. ती बाळाची पहिली लस आहे असे म्हटले तरी चालेल.

बाळंतिणीचे चाळीस दिवस आपल्या घरांतून पाळले जातात. ही चाल वैद्यकाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. कारण बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धोक्याचे मानून त्यांतील मृत्यू मातामृत्यूंत मोजले जातात. रक्ताच्या गाठीचा धोकाही याच काळात अधिक असतो. मात्र या चाळीस दिवसांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. विश्रांती म्हणजे खाटेला खिळणे नव्हे; तिने घरातल्या घरात चालत-फिरत असावे. बाळ पाहायला येणाऱ्यांची गर्दी कमी असावी आणि खोकणाऱ्या माणसाने, मग तो कितीही जवळचा असो, बाळाचे चुंबन घेण्याचा मोह आवरावा. आणि ताप आला, पाय सुजून दुखू लागला, धाप लागली, तर चाळीस दिवस पुरे होण्याची वाट न पाहता तिला बाहेर काढून दवाखान्यात न्यावे. आपल्या चालीरीती माणसाच्या रक्षणासाठी आहेत, त्याला कोंडून ठेवण्यासाठी नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. ती गरिबांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असा खोटा मोठेपणा कोणी बाळगू नये.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

शेवटी विद्यार्थी मित्रहो, आणि विशेषतः मुलींनो, तुम्हाला हा विषय आज परका वाटत असेल. शाळेत बाळंतपणाचे भाषण कशाला, असेही काहींच्या मनात आले असेल. पण तुमच्या घरी बहीण आहे, वहिनी आहे, भाभी आहे. तिच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असते. त्यावर तिचे वजन, तिचा रक्तदाब, तिचे रक्त किती आणि पुढची तारीख कोणती, हे सारे लिहिलेले असते. ते वाचणारे घरात कोणी नसेल तर तो कागद मुका राहतो. ते कार्ड तुम्ही वाचा. तारीख उलटली तर आठवण करा. रक्तदाबाच्या आकड्यापुढे डॉक्टरांनी खूण केली असेल तर वडिलांना दाखवा. शिक्षणाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

मुलांनाही एक सांगायचे आहे. उद्या तुम्ही नवरे व्हाल, बाप व्हाल, घरातला शब्द तुमचा चालेल. त्या दिवशी हे भाषण आठवले नाही तरी चालेल; पण आजारी बायको काही सांगत असेल तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि आज तुमच्या मोबाइलवर एखादा औषधाचा वा लसीचा निरोप आला, तर तो दहा जणांना पाठवण्यापूर्वी हे कोणी सांगितले आणि कशाच्या आधारावर, एवढे दोन प्रश्न त्याला विचारा. विज्ञानाचा तास तुम्हाला एवढे शिकवू शकला तरी पुष्कळ झाले.

आणि पालक बंधु-भगिनींनो, मुलींना शिकू द्या. लवकर लग्न, लवकर बाळंतपण आणि अपुरे शिक्षण या तिन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. ज्या मुलीला वाचता येते, विचारता येते आणि आपले दुखणे ठामपणे सांगता येते, तिच्या घरातला पहिला उशीर तीच मोडून काढते. पुढची साथ केव्हा येईल, कोणत्या नावाने येईल, हे मला सांगता यावयाचे नाही. ती येईल तेव्हा आपल्या घरात अशी एक तरी मुलगी असावी, एवढी तयारी मात्र आजपासून करता येण्यासारखी आहे.